चाळीस वर्षांनंतरचा खुबा

मुलगी चालायला लागते आणि एका बाजूला झुकत चालते. घरातली मोठी माणसं म्हणतात, शिकतेय अजून, होईल नीट. दोन-चार महिने असेच जातात. मग कुणीतरी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतं, एक्स-रे निघतो, आणि मांडीच्या हाडाचं डोकं खुब्याच्या वाटीत नसून वर, बाहेरच्या अंगाला सरकलेलं दिसतं. ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर सांगतात. तेव्हा आई-वडिलांचा प्रश्न बहुधा एकच असतो : 'ऑपरेशननंतर ती नीट चालेल ना?'

या प्रश्नाला बहुतेक वेळा 'हो' असं उत्तर मिळतं आणि ते खरंही असतं. पण दोन वर्षांच्या मुलीला तो सांधा आणखी सत्तर वर्षं वापरायचा आहे. ती शाळेत धावेल, कॉलेजात जिने चढेल, तिची बाळंतपणं होतील, कदाचित ती शेतात वाकून काम करेल. तो खुबा विसाव्या वर्षी कसा असेल, चाळिसाव्या वर्षी कसा असेल, याबद्दलची माहिती जगभरात पन्नास-साठ वर्षं थेंबाथेंबाने जमा होत आली आहे. ती एकत्र पाहिली की माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. या ऑपरेशनांचा खरा निकाल चाळिशीच्या आसपास लागतो, आणि नेमक्या त्या वयात रुग्ण कुणाच्याच देखरेखीखाली नसतो. आपण यश मोजतो ते प्लॅस्टर निघाल्यावर, फार तर पाच वर्षांनी. हे मोजमाप अपुरं आहे.

आधी दोषाबद्दल. डॉक्टर त्याला 'डीडीएच' (डेव्हलपमेंटल डिस्प्लेसिया ऑफ द हिप, म्हणजे खुब्याच्या घडणीतला दोष) म्हणतात. यात सौम्य ते तीव्र असे बरेच प्रकार येतात. काही बाळांची वाटी नुसती उथळ असते, काहींचा सांधा सैल असतो, तर काहींचं डोकं वाटीबाहेरच असतं. पूर्ण निसटलेला खुबा साधारण हजार बाळांमागे एक-दोघांत आढळतो, सैलपणा त्याहून पुष्कळ अधिक. दहात आठ मुलीच असतात. डावी बाजू जास्त वेळा सापडते. पायाळू बाळं, पहिलटकरणीची बाळं आणि ज्यांच्या घरात आधी कुणाला हा त्रास झाला आहे अशी बाळं, यांना धोका अधिक.

मुख्य गोष्ट अशी की वाटी आणि डोकं एकमेकांना घडवत वाढतात. डोकं जागेवर असेल तर त्याच्या दाबाने वाटी खोल आणि गोल होत जाते. डोकं बाहेर राहिलं तर वाटी उथळ राहते, तिच्यात चरबी आणि तंतू भरतात, डोक्याचा आकारही बिघडतो. वाटीची ही घडण्याची ताकद पहिल्या दीड वर्षात सर्वांत जास्त असते, चार-पाच वर्षांपर्यंत कमी होत जाते आणि नंतर फारशी उरत नाही. त्यामुळे पुढे जे आकडे येतील त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : डोकं कोणत्या वयात जागेवर बसलं.

बाळाला कसं धरतात, कसं गुंडाळतात, याचाही इथे मोठा वाटा आहे. अमेरिकेतल्या नवाहो लोकांत बाळाला पाय सरळ ठेवून पाळणाफळीला बांधण्याची रीत होती आणि त्यांच्यात हा दोष खूप आढळे. जपानमध्ये १९७५च्या सुमारास देशभर मोहीम काढून बाळांचे पाय सरळ गुंडाळू नका असं आयांना शिकवलं गेलं. त्याआधी तिथे शंभरात एक ते तीन बाळांना हा त्रास होई, नंतर तो हजारात दोनाच्याही खाली आला. या दोषावर एवढं मोठं यश कुठल्या ऑपरेशनला मिळालेलं नाही, ते लंगोट बांधण्याच्या पद्धतीने मिळवलं. आपल्याकडे मूल कडेवर घेतात. पाय फाकवून आईच्या कमरेला मिठी मारलेली ती बैठक खुब्याला फार चांगली. पण त्याआधीच्या पहिल्या महिन्यांत दुपट्यात पाय जुळवून घट्ट बांधायचे, मालीश करताना 'पाय सरळ व्हावेत' म्हणून ताणायचे, हेही आपल्याकडे चालतं. नवजात बाळाचे पाय दुमडलेलेच असायला हवेत. दुपटं गुंडाळायला हरकत नाही, पण कमरेखाली ते सैल हवं, बाळाला गुडघे वर घेऊन बाजूला पाडता आले पाहिजेत.

उपचारांची सुरुवात जोराच्या बळावर झाली. व्हिएन्नाचे आडोल्फ लॉरेन्झ हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे नामांकित सर्जन. जंतुनाशक म्हणून वापरलं जाणारं कार्बोलिक ॲसिड त्यांच्या त्वचेला सोसेना, म्हणून त्यांना चाकू खाली ठेवावा लागला आणि त्यांनी 'रक्त न सांडता' खुबा बसवण्याची पद्धत विकसित केली : भूल देऊन पाय ओढायचा, फिरवायचा, डोकं वाटीत ढकलायचं आणि दोन्ही मांड्या पूर्ण फाकवून प्लॅस्टर घालायचं. १९०२ मध्ये शिकागोच्या धनाढ्य आर्मर कुटुंबाने आपल्या लोलिता या लहान मुलीसाठी त्यांना मुद्दाम अमेरिकेला बोलावलं आणि वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मुलं उठून चालू लागत, हे खरंच होतं. पण त्या मुलांचे खुबे पुढे लवकर झिजले. कारण समजायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मांडीच्या हाडाच्या डोक्याला मिळणारं रक्त एका बारीक रक्तवाहिनीवर अवलंबून असतं आणि ती हाडाच्या मानेला वळसा घालून वर जाते. मांड्या अतिशय फाकवल्या, किंवा डोकं वाटीत फार दाबून बसवलं, की ती वाहिनी चेपते. डोक्याचा काही भाग मरतो, त्याची वाढ वेडीवाकडी होते. टोरोंटोच्या रॉबर्ट साल्टर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगांनी आणि रुग्णांच्या अभ्यासाने स्पष्ट केलं आणि पाय जास्त दुमडून, पण मर्यादेतच फाकवून प्लॅस्टर घालायची पद्धत सांगितली. आज प्रत्येक सर्जन त्याच पद्धतीने प्लॅस्टर घालतो. तरी डोक्याचा रक्तपुरवठा बिघडणं हाच आजही या उपचारांतला सर्वांत मोठा धोका आहे. दोषाने आणलेली हानी वेगळी आणि उपचाराने केलेली वेगळी, आणि दीर्घकाळात दुसरी कधी कधी पहिलीहून जड जाते.

लवकर ओळखण्याची वाट एका आईमुळे मोकळी झाली. १९३०च्या दशकात इटलीतल्या फेरारा गावी बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्तोलानी यांच्याकडे एक बाई बाळाला घेऊन आल्या. बाळाला स्वच्छ करताना पाय उघडले की खट् असं काही होतं, अशी त्यांची तक्रार होती. डॉक्टरांनी ती उडवून लावली नाही. बाळाचे गुडघे दुमडून मांड्या हळूच बाजूला नेल्या की निसटलेलं डोकं वाटीत परत घुसताना हाताला जाणवतं, ही आज जगभर केली जाणारी तपासणी त्यातून आली. इंग्लंडमध्ये सॅलफर्डच्या टी. जी. बार्लो यांनी १९६२ मध्ये उलट बाजूची, म्हणजे आत असलेलं डोकं बाहेर निसटतं का हे पाहणारी तपासणी सांगितली आणि सोबत एक महत्त्वाचा हिशेब दिला : साठ नवजात बाळांत एकाचा खुबा सैल असतो, त्यातले साठ टक्के पहिल्या आठवड्यात आपोआप घट्ट होतात आणि दोन महिन्यांत सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के. म्हणजे प्रत्येक सैल खुब्याला पट्टे बांधायची गरज नाही, पण प्रत्येकावर लक्ष ठेवायची गरज आहे.

उरलेल्यांसाठी चेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्लिक यांचे पट्टे आहेत. खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांना बाळाचे पाय टांगल्यासारखे असतात. बाळ लाथा मारू शकतं, फक्त पाय सरळ करू शकत नाही. त्या हालचालीनेच डोकं वाटीकडे वळतं. पहिल्या सहा महिन्यांत, नीट बांधून आणि सोनोग्राफीवर लक्ष ठेवून, बहुसंख्य बाळं यानेच बरी होतात. ही सोनोग्राफीची रीत ऑस्ट्रियाच्या राइनहार्ट ग्राफ यांनी १९८० पासून बसवली. पहिल्या चार-सहा महिन्यांत डोकं कूर्चेचं असतं, एक्स-रेत ते दिसतच नाही, म्हणून तिची गरज. ऑस्ट्रियाने १९९२ मध्ये प्रत्येक नवजात बाळाची तपासणी सुरू केली. सगळ्याच बाळांची सोनोग्राफी करावी की फक्त धोका असलेल्यांची, यावर देशोदेशी मतभेद आहेत आणि ते मिटण्याची चिन्हं नाहीत.

आता ऑपरेशनकडे. वर्ष-दीड वर्षाचं वय उलटलं आणि मूल चालू लागलं, की भूल देऊन नुसतं बसवणं अनेकदा पुरत नाही. सांधा उघडून वाटीतला अडथळा काढावा लागतो, आकसलेलं आवरण सोडवावं लागतं. पण वाटी इतकी उथळ आणि तिरकी झालेली असते की बसवलेलं डोकं पुन्हा पुढून निसटतं. साल्टर यांनी हे ऑपरेशनच्या टेबलावर पाहिलं. पाय दुमडून बाहेर नेला की सांधा स्थिर, सरळ केला की निसटलेला. मग पाय नेहमी दुमडलेला ठेवण्यापेक्षा वाटीच त्या दिशेला का वळवू नये? १९५७ मध्ये त्यांनी तसं पहिलं ऑपरेशन केलं. कमरेचं हाड वाटीच्या वर तारेसारख्या लवचीक करवतीने आरपार कापायचं, खालचा तुकडा वाटीसकट पुढे आणि बाहेर झुकवायचा. तो समोरच्या जांघेच्या हाडाच्या कूर्चेवर बिजागरीसारखा फिरतो. लहान मुलात ती कूर्चा मऊ असते म्हणून हे जमतं. उघडलेल्या फटीत त्याच कमरेच्या हाडाच्या काठावरून काढलेला त्रिकोणी तुकडा बसवायचा, दोन पिना घालायच्या, आणि छातीखालपासून पायापर्यंत सहा आठवडे प्लॅस्टर. मूल तीन वर्षांच्या आसपास किंवा मोठं असेल तर मांडीचं हाडही थोडं आखूड करतात, म्हणजे डोक्यावर ताण येत नाही आणि रक्तवाहिनी वाचते. पूर्वी त्याऐवजी मुलाचा पाय वजनं लावून आठवडेच्या आठवडे ताणून ठेवत.

साल्टर यांचं मोठेपण मला ऑपरेशनाइतकंच पुढच्या कामात दिसतं. १९५८ ते १९६५ या काळात टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात दीड ते पाच वर्षं वयाच्या ७६ मुलांच्या १०१ खुब्यांवर सांधा उघडून बसवणं आणि वाटी वळवणं ही दोन्ही कामं झाली होती. चार दशकांनंतर त्या मुलांचा शोध घेतला गेला. नावं बदललेली, लग्नं झालेली, माणसं देशोदेशी पांगलेली. तरी ६० जण सापडले, ८० खुबे. निकाल २००७ मध्ये छापून आला, साल्टर तेव्हा हयात होते. तीस वर्षांनी ९९ टक्के खुबे स्वतःचे होते, म्हणजे कृत्रिम सांधा बसवावा लागला नव्हता. चाळीस वर्षांनी ८६ टक्के. पंचेचाळीस वर्षांनी ५४ टक्के.

हे तीन आकडे या विषयात सर्वांत जास्त वेळा सांगितले जातात आणि बहुतेक वेळा अर्धवट सांगितले जातात. आशावादी माणूस पहिला आकडा घेतो, घाबरवणारा तिसरा. सापडलेल्या ८० खुब्यांपैकी कृत्रिम सांधा २४ ठिकाणी बसवला गेला होता, म्हणजे एक तृतीयांशाहून कमी. मग ५४ टक्के कसे? कारण सगळ्यांच्या ऑपरेशनला पंचेचाळीस वर्षं झालेली नव्हती. जे अजून तिथवर पोचले नव्हते ते त्या टप्प्याच्या हिशेबातून बाहेर पडतात. आलेखाच्या शेवटच्या टोकाला मोजके खुबे उरतात आणि एकेक सांधा बदलला की रेघ खाली कोसळते. तेव्हा ५४ हा आकडा कच्चा आहे. पण चाळिशीनंतर घसरण सुरू होते, ही दिशा पक्की आहे. न सापडलेल्या सोळा जणांचं काय झालं, ते बरे होते म्हणून आले नाहीत की वाईट होते म्हणून, हे त्या आकड्यांत नाही. ज्यांचे दोन्ही खुबे निसटलेले होते किंवा ज्यांच्या डोक्याचा रक्तपुरवठा बिघडला होता, त्यांची अवस्था अधिक वाईट होती.

दुसरा मोठा आधार अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा. वाकड्या पावलांवरच्या प्लॅस्टरमुळे ज्यांचं नाव आज आपल्याकडच्या आयांनाही माहीत झालं आहे ते इग्नासिओ पोन्सेटी तिथलेच. रुग्णांना दशकानुदशकं परत बोलावून तपासायची परंपरा त्या विभागात पूर्वीपासून आहे. तिथे सांधा न उघडता बसवलेल्या १५२ खुब्यांची सरासरी तीस वर्षांनंतर पाहणी झाली आणि ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसं चालत-फिरत होती, खुब्याचं काम मोजणाऱ्या तक्त्यात शंभरापैकी नव्वदीच्या घरात गुण मिळवत होती. एक्स-रे मात्र वेगळंच सांगत होते : सुमारे साठ टक्के खुब्यांत डोक्याच्या वाढीत बिघाड आणि चाळीस टक्क्यांहून अधिक खुब्यांत झिजेच्या खुणा. माणूस बरा आणि चित्र वाईट, असा तिशीतला मुक्काम या दुखण्यात नेहमीचा आहे. तो फसवा आहे, कारण पुढे काय होणार हे चित्र आधी सांगतं आणि दुखणं नंतर.

वाढीतल्या बिघाडाचं एक रूप तर फार उशिरा कळतं. डोक्याच्या बाहेरच्या बाजूची वाढ थांबते, आतली चालू राहते. पहिल्या काही वर्षांच्या एक्स-रेत सगळं ठाकठीक वाटतं. मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की डोकं हळूहळू वाटीबाहेर कलू लागलेलं दिसतं. पाचव्या वर्षी 'आता यायची गरज नाही' असं सांगून सोडलेल्या मुलीत हे कोण पाहणार? बारा-तेराव्या वर्षी ते लक्षात आलं तर हाताशी काही उपाय असतात. पंचविसाव्या वर्षी दुखायला लागल्यावर लक्षात आलं तर ते उपाय थोडेच उरतात.

मग काहीच केलं नाही तर काय होतं? हा प्रश्न पालक विचारतातच आणि तो वाजवी आहे. पूर्ण वर सरकलेला खुबा, ज्याने कमरेच्या हाडावर कुठे खोट्या वाटीला टेका घेतलेला नाही, तो अनेकदा पन्नाशीपर्यंत फारसा दुखत नाही. दोन्ही बाजूंनी तसा असेल तर माणूस डुलत चालतो, कंबर पुढे येते, पाठ दुखते, पण आयुष्य चालतं. एकाच बाजूचा असेल तर पाय आखूड पडतो आणि गुडघा वाकडा होत जातो. सगळ्यांत वाईट अवस्था मधली : डोकं अर्धवट आत, अर्धवट बाहेर, वाटीच्या काठावर घासत राहणारं. असा खुबा तीव्र असेल तर विशीच्या आत दुखायला लागतो, सौम्य असेल तर तिशी-चाळिशीत. उशिरा बसवलेला खुबा असाच अर्धवट राहण्याची भीती असते, म्हणूनच मोठ्या वयात अनुभवी सर्जन हात आखडता घेतात. दोन्ही खुबे निसटलेले असतील तर साधारण सहा वर्षांनंतर आणि एकच असेल तर आठच्या पुढे. 'ऑपरेशन नको' असा सल्ला मिळाला की घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी हात वर केले. अनेकदा तो सल्ला पूर्ण विचारान्ती दिलेला असतो. तो पटला नाही तर दुसरं मत जरूर घ्यावं, पण 'कुणी तरी करेल' म्हणून दारोदार फिरू नये. पहिलं ऑपरेशन हीच सांध्याची सर्वांत चांगली संधी असते. दुसऱ्या, तिसऱ्यांदा उघडलेल्या खुब्यांचे निकाल सगळीकडे खालावलेले आहेत.

डोकं वाटीने किती झाकलेलं आणि किती उघडं, हे मोजण्याचा कोन स्वीडनच्या गुन्नार वीबर्ग यांनी १९३९ मध्ये सांगितला : पंचवीस अंशांच्या वर ठीक, विसाच्या खाली उथळ. वाढ पूर्ण झाल्यावरही वाटी उथळ राहिली असेल आणि झीज सुरू झालेली नसेल, तर बर्नचे राइनहोल्ड गांझ यांनी १९८४ मध्ये सुरू केलेलं ऑपरेशन करतात. यात वाटीभोवती चौफेर काप घेऊन ती हवी तशी वळवतात, कमरेचा कणखर भाग मात्र अखंड ठेवतात. त्यांच्या पहिल्या ७५ खुब्यांपैकी वीस वर्षांनी साठ टक्के टिकले होते, तीस वर्षांनी एकोणतीस टक्के. आकडा उदास वाटतो, पण ते पहिले रुग्ण होते, सरासरी वय तिशीच्या जवळ होतं आणि काहींचे सांधे आधीच झिजलेले होते. ज्यांची झीज सुरू झालेली नव्हती त्यांचे निकाल स्पष्टपणे चांगले. वेळेवर गाठलेला माणूस इथेही जिंकतो.

शेवटी उरतो कृत्रिम सांधा. या रुग्णांत तो चाळिशीत, कधी त्याआधी बसवावा लागतो. वाटी उथळ, हाड कमी, आधीच्या ऑपरेशनांनी रचना बदललेली, पाय लांब करताना नस ताणली जाण्याची भीती. साध्या संधिवाताच्या रुग्णापेक्षा हे काम अवघड असतं. तरी आजचे सांधे पुष्कळ टिकतात आणि वेदनेतून सुटका होते. लहानपणीच्या ऑपरेशनाने तीस-चाळीस वर्षं स्वतःच्या सांध्यावर काढून दिली आणि मग कृत्रिम सांधा लागला, तर ते ऑपरेशन फसलं असं मला वाटत नाही. मधली वर्षं शाळेची, खेळाची, बाळंतपणाची, कामाची असतात. साल्टर पद्धतीचं ऑपरेशन झालेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपणही नेहमीसारखं होतं. फक्त बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधी सांगून जुना एक्स-रे दाखवावा.

सगळ्या आकड्यांत आपल्या दृष्टीने एक मोठी उणीव आहे. हे गुण कोणत्या कामांवरून दिले गेले? जगभर वापरल्या जाणाऱ्या हॅरिस गुणांच्या तक्त्यात रुग्णाला विचारतात : बूट-मोजे घालता येतात का, खुर्चीवर तासभर बसता येतं का, जिना कसा चढता, बसमध्ये चढता येतं का. उकिडवं बसता येतं का, मांडी घालून जेवता येतं का, शेतातल्या शौचालयात बसून उठता येतं का, हे त्यात कुठेच नाही. टोरोंटोतल्या बाईला नव्वद गुण मिळतील आणि तेवढ्याच हालचालीच्या कोकणातल्या बाईला भातलावणीच्या चिखलात उभं राहता येणार नाही. मोठ्या वयात सांधा उघडला की तो थोडा आखडतो, आणि आखडलेल्या खुब्याचा त्रास आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा जास्त होतो. ऑपरेशनचा निर्णय घेताना 'नंतर खाली बसता येईल का' हा प्रश्न पालकांनी स्पष्ट विचारावा आणि डॉक्टरांनी तो क्षुल्लक समजू नये.

भारतात अजूनही अनेक मुलं चालायला लागल्यावरच समोर येतात. त्यातून ऑपरेशन मोठं होतं, धोका वाढतो आणि चाळिशीतला हिशेब आधीच बिघडलेला असतो. या दृष्टीने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं महत्त्व मोठं आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. जन्मतः दिसणाऱ्या ज्या दोषांची तपासणी त्यात ठरलेली आहे, त्यांत खुब्याचा हा दोष आहे. प्रसूतीच्या ठिकाणी, आशाताईंच्या घरभेटीत, अंगणवाडीत फिरत्या पथकाकडून मुलं तपासली जावीत अशी रचना आहे. पण वाकडं पाऊल किंवा फाटलेला ओठ सर्वांना दिसतो, खुबा दिसत नाही. तो हातानेच शोधावा लागतो, आणि बाळ रडत असेल, थंडीने आकसलेलं असेल तर हाताला काही कळत नाही. दोन-तीन महिन्यांनंतर तर खट् लागणंही बंद होतं. तेव्हा राहते ती एक साधी खूण : लंगोट बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडते. दोन्ही खुबे निसटले असतील तर तीही नाही, कारण फरकच नसतो. आई म्हणत असेल की पाय नीट उघडत नाही, तर तिला परत पाठवू नये. पायाळू जन्मलेल्या मुलीची सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी व्हावी, तपासणीत काही सापडो वा न सापडो.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. नॉर्वेत तरुणपणीच कृत्रिम खुबा बसवलेल्या, या दोषाच्या रुग्णांच्या जन्माच्या नोंदी पाहिल्या गेल्या तेव्हा जन्मावेळी सैलपणा नोंदला गेला होता असे दहात एकही नव्हते. म्हणजे नुसत्या उथळ वाटीचे पुष्कळ खुबे हाताच्या तपासणीतून सुटतातच. तपासणी वाढवल्याने सगळं सुटेल असं नाही. जांघेत दुखतं म्हणून पंचविशी-तिशीची मुलगी आली तर तिचं दुखणं कमरेचं किंवा 'बायकांचं' ठरवण्याआधी खुब्याचा एक एक्स-रे काढायला हवा.

ऑपरेशन झालेल्या मुलींसाठी तरी काय करता येईल हे ठरलेलं आहे. वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रे, मग सोळा-अठराव्या वर्षी एक नीट काढलेला, जपून ठेवायचा. त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा अंदाज येतो. त्यानंतर विशीच्या अखेरीस एकदा, दुखो वा न दुखो. यात खर्च फार नाही. अडचण दुसरी आहे. मुलांच्या विभागात अठराव्या वर्षी दार बंद होतं आणि मोठ्यांच्या विभागात तिला कुणी ओळखत नाही. फाइल रुग्णालयात राहते, काही वर्षांनी निकालात निघते. घरात एक्स-रेची फिल्म असते ती घर बदलताना जाते. म्हणून डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या टिपणाची प्रत आणि आधीचे-नंतरचे एक्स-रे यांचे फोटो काढून आई-वडिलांनी मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवावेत, आणि ती मोठी झाली की तिला दाखवावेत. आपल्यावर लहानपणी नेमकं काय झालं हे अनेक मोठ्या बायकांना सांगताच येत नाही. त्यांना फक्त व्रण माहीत असतो.

टोरोंटो आणि आयोवाचे निकाल थंड हवेतल्या, खुर्चीवर बसणाऱ्या मुलांचे आहेत. आपले वेगळे असतील. चांगले की वाईट, हे अंदाजाने ठरवायचं कारण नाही. मुंबई-पुण्यातल्या मुलांच्या रुग्णालयांत १९८० आणि १९९०च्या दशकांत ज्या मुलींचे खुबे बसवले गेले, त्या आज साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान आहेत, म्हणजे त्यांतल्या अनेकजणी आलेखाची रेघ खाली वळते त्याच वयात. त्यांना शोधून काढायला पैशापेक्षा चिकाटी जास्त लागेल : जुन्या नोंदवह्या, बदललेली आडनावं, गावाकडचे पत्ते. सापडल्या की एक एक्स-रे काढायचा, उकिडवं बसून दाखवा म्हणायचं, बाळंतपणं कशी झाली आणि आता कोणतं काम जमत नाही ते विचारून लिहून घ्यायचं. ज्यांच्या नोंदी आज अजून कपाटात आहेत, त्या रुग्णालयांनी हे काम पुढच्या पाच-सात वर्षांत केलं तरच होईल.